मुकुट आणि चोपन्न गुण

क्रिकेटने झपाटलेल्या आपल्या देशात टेनिसवर लेख लिहावयास बसणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. त्यातून लिहिणारा मुकुटबनचा! आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या पार आग्नेय कोपऱ्यात, झरी-जामणी तालुक्यात. थोडे पुढे गेले की तेलंगणाची हद्द लागते. कबड्डीचे मैदान आखावयास आमच्याकडे चुन्याची एक पिशवी आणि अर्धा तास पुरतो. टेनिसचे कोर्ट मात्र मी आजवर दूरचित्रवाणीच्या आणि मोबाईलच्या पडद्यावरच पाहिले आहे. तरीही गावाच्या नावातच ‘मुकुट’ असल्यामुळे, तो कोणाच्या डोक्यावर जातो आणि का जातो, हे विचारण्याचा थोडाफार हक्क मला पोहोचतो असे मी धरून चालतो.

प्रश्न असा आहे. २००३ च्या विम्बल्डनपासून २०२३ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेपर्यंत पुरुष एकेरीच्या ८१ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. (वर्षाला चार, २०२० चे विम्बल्डन तेवढे करोनामुळे झाले नाही.) या ८१ पैकी ६६ विजेतेपदे अवघ्या तीन माणसांनी नेली. स्वित्झर्लंडच्या रॉजर फेडररने २०, स्पेनच्या राफाएल नदालने २२ आणि सर्बियाच्या नोव्हाक जोकोविचने २४. राहिलेली १५ साऱ्या जगाने वाटून घेतली, आणि त्यांतही अँडी मरे व स्टॅन वावरिंका या दोघांनी तीन-तीन उचलली. वीस वर्षे म्हणजे केवढा काळ! माझ्या वर्गातील बहुतेकांचा जन्म या राजवटीत झाला आणि ती संपत असताना आम्ही महाविद्यालयात आलो. राजकारणात असे घडले असते तर आपण त्यास हुकूमशाही म्हटले असते. खेळात घडले म्हणून टाळ्या वाजविल्या.

असे का घडले, हे मित्रमंडळींत विचारले की उत्तर ठरलेले असते : “ते ग्रेट आहेत म्हणून.” ते थोर का, तर जिंकले म्हणून, जिंकले का, तर थोर म्हणून. तर्कशास्त्राचे आमचे प्राध्यापक या उत्तरास किती गुण देतील हे मी सांगावयास नको. मला स्वतःला या कोड्याची किल्ली सापडली ती फेडररच्याच एका भाषणात. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात तो बोलावयास उभा राहिला. आपण कारकिर्दीत एकेरीचे १५२६ सामने खेळलो व त्यांतील ऐंशी टक्क्यांच्या आसपास जिंकलो, हे त्याने सांगितले. आणि मग समोरच्या पदवीधरांना विचारले, की या सामन्यांतील एकूण गुणांपैकी किती टक्के गुण मी जिंकले असतील? उत्तर होते, चोपन्न.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. शंभरातील सेहेचाळीस चेंडू हा माणूस हरत होता. जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण प्रतिस्पर्ध्याचा. ज्यास आपण टेनिसचा सम्राट म्हणतो त्याचे साम्राज्य शंभरामागे चार गुणांच्या आधिक्यावर उभे होते. मग चोपन्नाचे ऐंशी झाले कसे?

याचे उत्तर खेळाडूच्या मनगटात जितके आहे तितकेच टेनिसच्या गुणपद्धतीत आहे. कबड्डीशी तुलना केली की ते चटकन लक्षात येते. कबड्डीत पहिल्या चढाईपासून शेवटच्या चढाईपर्यंत सर्व गुणांची एकच बेरीज होते. पूर्वार्धात बारा गुणांनी मागे पडलेला संघ ते बारा गुण पाठीवर घेऊनच उत्तरार्धात उतरतो. टेनिसमध्ये अशी बेरीज नाहीच. गुणांचा गेम होतो, गेमचा सेट होतो, सेटचा सामना होतो, आणि प्रत्येक पायरीवर मागचा हिशेब पुसला जातो. एखादा गेम तुम्ही एकही गुण न देता जिंका किंवा दहा वेळा ड्यूस होऊन घामाघूम होऊन जिंका, फळ्यावर एकच गेम लिहिला जातो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हे समजावयास वेळ लागू नये. आपल्या विधानसभेच्या निवडणुकीत मतांची राज्यभर बेरीज होत नाही. मतदारसंघ मोजले जातात. ज्या पक्षास सर्वत्र थोडीशीच अधिक मते पडतात तो जागांच्या हिशेबात मात्र प्रतिपक्षास झोपवितो.

मी कागद-पेन्सिल घेऊन हे गणित मांडून पाहिले. (कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणित केले म्हणून हसू नये.) सर्व्हिस कोणाची हा भेद बाजूला ठेवू आणि असे धरू, की एका खेळाडूची प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता शंभरात ५४ आहे. तर गेम जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात सुमारे ६० होते. सेट जिंकण्याची सुमारे ७६ होते. तीन सेटांचा सामना असेल तर तो शंभरातील सुमारे ८६ सामने जिंकतो, आणि पाच सेटांचा असेल तर ९१. पायरीपायरीने ते चार गुणांचे आधिक्य कसे फुगत गेले पाहा! आणि हे आधिक्य चारावरून एकावर आणले, म्हणजे शंभरात ५१ धरले, तर पाच सेटांच्या सामन्यात शक्यता सुमारे ६३ वर घसरते. चोपन्नवाला बादशहा होतो, एक्कावन्नवाला चांगला खेळाडू म्हणून ओळखला जातो. दोघांत अंतर शंभर चेंडूंमागे तीन चेंडूंचे.

पाच सेटांची गोष्ट मुद्दाम सांगितली. ग्रँड स्लॅम स्पर्धेत पुरुषांचे सामने पाच सेटांचे असतात, इतरत्र तीनचे. सामना जितका लांबतो तितका नशिबाचा भाग झिजत जातो आणि मुळात जो किंचित सरस आहे त्याचे सरसपण वर येते. म्हणूनच लहान स्पर्धांत अनोळखी नावे विजेत्यांच्या यादीत दिसतात, आणि विम्बल्डन-पॅरिसला तीच तीच. आपल्या पुण्याचे उदाहरण घ्या. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०१८ ते २०२३ या काळात पाच वेळा जागतिक व्यावसायिक मालिकेतील स्पर्धा भरली. वर उल्लेखिलेले त्रिकूट तिकडे फिरकले नाही, आणि पाच वेळांत पाच निरनिराळे विजेते झाले. त्यांतील २०१९ चा अंतिम सामना तर माझ्या गणिताचे जणू प्रात्यक्षिकच होता. दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच हे दोन ताडमाड खेळाडू समोरासमोर आले. तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले. पहिला टायब्रेक अँडरसनने ७-४ असा घेतला, दुसरा कार्लोविचने ७-२, तिसरा पुन्हा अँडरसनने ७-५. आता बेरीज करा. टायब्रेकचे अँडरसनचे गुण सोळा, कार्लोविचचेही सोळा. करंडक मात्र अँडरसनकडे गेला.

केवळ गणिताने राज्य मिळते असे मात्र मला म्हणावयाचे नाही. ते चार गुण कोठून तरी यावे लागतात, आणि त्यांना वाट करून देणाऱ्या काही गोष्टी खेळाडूच्या बाहेरही होत्या. २००१ साली विम्बल्डनने आपल्या हिरवळीचे बियाणे बदलले. पूर्वी राय आणि फेस्क्यू अशा दोन गवतांचे मिश्रण असे, ते काढून निव्वळ राय गवत लावले. मैदान टणक झाले, चेंडू पूर्वीपेक्षा उंच उसळू लागला. हिरवळीवर सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणारे आणि मातीवर मागे उभे राहून तासन् तास चेंडू परतविणारे अशा पूर्वी दोन वेगळ्या जाती होत्या. त्यांतील भिंत खचली. एकाच पद्धतीने खेळून सर्वत्र जिंकणे शक्य झाले. त्याच वर्षी त्याच स्पर्धेत मानांकित खेळाडूंची संख्या १६ वरून ३२ झाली, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत कोणत्याही मानांकितास दुसऱ्या मानांकिताशी गाठ पडू नये अशी सोय झाली. वरच्यास वरच ठेवणारी शिडी ती हीच.

एक गमतीची गोष्ट येथे सांगतो. पॅरिसचे रोलँ गॅरोचे मैदान तांबड्या मातीचे म्हणून प्रसिद्ध आहे. ती खरे तर माती नव्हेच. तो भाजलेल्या विटांचा चुरा असतो, आणि तोही केवळ एकदोन मिलिमीटर जाडीचा. त्याच्या खाली दाबून बसविलेली असते पांढरी चुनखडी. ज्या चुनखडीमुळे आमच्या मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आला, तीच जातकुळी! या तांबड्या पापुद्र्यावर नदालने ११६ सामने खेळून ११२ जिंकले आणि १४ वेळा अजिंक्यपद मिळविले. कोणत्याही एका मैदानावर एवढी सत्ता गाजविलेला दुसरा पुरुष खेळाडू टेनिसच्या इतिहासात नाही.

परंतु खरी मौज आहे ती हे तिघे एकमेकांसमोर येतात तेव्हा. इतरांविरुद्ध जे चार गुणांचे आधिक्य असते ते येथे वितळून जाते. तेथे प्रश्न उरतो तो, कोणाचे शस्त्र कोणाच्या कोणत्या अवयवावर चालते, एवढाच. नदाल डावखुरा. त्याचा फोरहँड चेंडूस प्रचंड फिरकी देऊन उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडला जातो आणि उसळून खांद्याच्या वर येतो. फेडररचा बॅकहँड एका हाताचा, दिसावयास अत्यंत देखणा; पण खांद्यावर आलेला चेंडू एका हाताने जोरात मारणे फार अवघड. नदालने वर्षानुवर्षे तीच जागा ठोकली. २०१४ च्या आरंभी या दोघांच्या सामन्यांचा हिशेब नदाल २३, फेडरर १० असा होता.

मग फेडररने काय केले? त्याने त्याच सुमारास आपली रॅकेट बदलली, अधिक मोठ्या तोंडाची घेतली. चेंडू खांद्यापर्यंत चढण्याच्या आतच, उसळतानाच, तो बॅकहँडने पुढे घुसून मारावयास शिकला. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये नदाल ३-१ असा पुढे असताना फेडररने लागोपाठ पाच गेम घेतले. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. त्या दोघांच्या शेवटच्या सात सामन्यांपैकी सहा त्याने जिंकले आणि अखेरचा हिशेब २४-१६ वर येऊन थांबला. आमच्यापैकी कोणाला चाळिशीच्या उंबरठ्यावर हस्ताक्षर बदलावयास सांगितले तर जमेल काय? येथे तर जगभर नावाजलेला फटका मोडून पुन्हा बसवावयाचा होता. शत्रू असा असावा, असे मला हे वाचताना वाटले.

जोकोविचची कथा याच्या उलट. त्याचा बॅकहँड दोन हातांचा; नदालचा उंच चेंडू त्याला खांद्याशी आला तरी चालतो. जो भाला फेडररच्या चिलखतात शिरला तो येथे बोथट ठरला. २०१० मध्ये त्याने गव्हाचे पदार्थ सोडून आपला आहार पार बदलला, आणि २०११ या एका वर्षात नदालला सहा अंतिम सामन्यांत हरविले; सहाच्या सहा! तरीही पॅरिसच्या त्या तांबड्या मैदानावर फ्रेंच खुल्या स्पर्धेत नदालच पुढे राहिला, ८ विरुद्ध २. एकूण हिशेबात जोकोविच नदालच्या पुढे ३१-२९ असा, आणि फेडररच्या पुढे २७-२३ असा. साठ सामने खेळून दोनांचे अंतर! यास वर्चस्व म्हणावे की बरोबरी, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत बरोबरीकडे झुकते.

२०१९ चा विम्बल्डनचा अंतिम सामना याचा कळस होय. फेडरर आणि जोकोविच चार तास सत्तावन्न मिनिटे खेळले. फेडररने २१८ गुण मिळविले, जोकोविचने २०४. गेमही फेडररचे अधिक, ३६ विरुद्ध ३२. पाचव्या सेटमध्ये ८-७ आणि ४०-१५ अशा स्थितीत सर्व्हिस फेडररच्या हातात होती. दोनांपैकी एक चेंडू साधला असता की एकविसावे ग्रँड स्लॅम त्याचे होते. साधला नाही. सामन्यात तीन टायब्रेक झाले, तिन्ही जोकोविचने जिंकले. चौदा गुण अधिक मिळवून माणूस हरला. ज्या गुणपद्धतीने सोळा वर्षे फेडररच्या चोपन्नाचे ऐंशी केले होते, तिनेच त्या संध्याकाळी त्याच्याकडून ते वसूल केले, असे म्हणावयास हरकत नाही.

एकाच्या सत्तेचा परिणाम दुसऱ्यांवर काय होतो, हा भाग क्रीडावार्तांकनात क्वचितच येतो. आपल्या महाराष्ट्रात त्याचे एक जुने आणि बोलके उदाहरण आहे. सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर हे बॅडमिंटनपटू म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांचे आरंभीचे प्रेम टेनिस होते. १९५१-५२ मध्ये राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत ते पोहोचले आणि तेथे त्यांची गाठ पडली मद्रासच्या रामनाथन कृष्णन यांच्याशी. नाटेकर हरले, आणि त्यांनी टेनिस सोडून बॅडमिंटनची वाट धरली. कृष्णन पुढे १९५४ मध्ये विम्बल्डनचे कुमार विजेते झाले. १९६० आणि १९६१ अशी दोन वर्षे लागोपाठ विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. पहिल्या वर्षी त्यांना नील फ्रेझरने हरविले, दुसऱ्या वर्षी रॉड लेव्हरने, आणि दोन्ही वेळा हरविणाराच विजेता ठरला. म्हणजे ज्या कृष्णन यांनी नाटेकरांना थोपविले त्यांनाही थोपविणारे वर कोणी होतेच. इकडे नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूर येथील सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. पुढे त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर यांनी टेनिसचीच रॅकेट उचलली आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससमवेत दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. वडील ज्या दाराने बाहेर पडले त्याच दाराने मुलगा आत गेला.

नाटेकरांना दुसरा खेळ सापडला. सर्वांनाच सापडतो असे नाही. व्यावसायिक टेनिसमध्ये क्रमवारीवर सारे अवलंबून, क्रमवारी गुणांवर, आणि ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्यास २००० गुण मिळतात तर पहिल्या फेरीत हरणाऱ्यास १०. पैशाची उतरंड तशीच. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताचा त्या वेळचा प्रथम क्रमांकाचा खेळाडू सुमित नागल याने वृत्तसंस्थेस सांगितले, की आपल्या बँक खात्यात सुमारे ऐंशी हजार रुपये उरले आहेत. वर्षभर जगाच्या या टोकाहून त्या टोकाला हिंडून खेळावयाचे तर सुमारे एक कोटीचा खर्च येतो, असेही तो म्हणाला. विमान, मुक्काम, प्रशिक्षक, सारे स्वतःच्या खिशातून. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, याच नागलने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरविले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकितास हरविण्याची घटना त्यापूर्वी पस्तीस वर्षांमागे घडली होती. १९८९ मध्ये त्याच स्पर्धेत रमेश कृष्णन यांनी मॅट्स विलँडरला हरविले होते. हे रमेश म्हणजे नाटेकरांना हरविणाऱ्या रामनाथन यांचेच सुपुत्र. नागल आणि बुब्लिक यांच्या खेळात शंभर चेंडूंमागे किती चेंडूंचे अंतर असेल? माझ्या हिशेबाप्रमाणे फार तर दोनतीन. खात्यातील शिलकीत किती अंतर असेल, त्याचा हिशेब करावयास मात्र मी बसलो नाही.

असो. फेडरर सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनला निवृत्त झाला. शेवटचा सामना दुहेरीचा होता आणि त्याचा जोडीदार होता नदाल. दोघेही शेजारी बसून रडत असलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. नदाल नोव्हेंबर २०२४ मध्ये मालागा येथे थांबला. त्रिकूट फुटले म्हणून सत्ता वाटली जाईल, नवनवे विजेते दिसतील, अशी माझी अटकळ होती. झाले ते निराळेच. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतील आठही ग्रँड स्लॅम दोघांनीच वाटून घेतली : इटलीचा यानिक सिनर चार आणि स्पेनचा कार्लोस अल्काराझ चार. तिघांच्या जागी दोघे आले. गुणपद्धती तीच, शिडी तीच, मग निकाल तरी वेगळा कसा लागावा?

या दोघांचा ८ जून २०२५ चा पॅरिसचा अंतिम सामना मी रात्री मोबाईलवर शेवटपर्यंत पाहिला. पाच तास एकोणतीस मिनिटे. पहिले दोन सेट सिनरचे. तिसरा अल्काराझचा. चौथ्यात सिनर ५-३ असा पुढे, अल्काराझची सर्व्हिस, आणि ०-४०; म्हणजे तीन चेंडूंपैकी एक मिळाला की अजिंक्यपद. तिन्ही गेले. तो सेट अल्काराझने टायब्रेकवर घेतला आणि पाचव्याचा निर्णायक टायब्रेक १०-२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी मी आकडे पाहिले. एकूण ३८५ गुण खेळले गेले होते. अल्काराझ १९२, सिनर १९३. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तेच दोघे पुन्हा समोर आले आणि सिनरने चार सेटांत सामना जिंकला.